विरोध म्हणजे अज्ञान? तसं नाही

‘सुटून आलेल्या गुन्हेगारांच्या पुनर्वसन केंद्राला रहिवासी विरोध करतात तो निव्वळ अज्ञानातून’ हे लेखातलं वाक्य खटकलं. आमच्याकडे असं केंद्र येणार म्हणून सह्यांची मोहीम निघाली तेव्हा मीही दारोदार फिरलो. लोकांचे प्रश्न साधे होते. रात्रपाळीला माणसं किती? कोणत्या गुन्ह्यातले लोक ठेवणार? कोणी वेळेत परतला नाही तर फोन कुणाला लावायचा? बैठकीला आलेल्या साहेबांनी समोरची फाइलही न उघडता ‘सगळं नियमानुसार आहे’ म्हणत वेळ मारून नेली. त्यात फलकावर आधी ‘प्रशिक्षण केंद्र’ लिहिलेलं! मग अफवांना ऊत येणारच.

पण ‘केंद्र वस्तीपासून लांब हलवा’ ही आमच्याच मोहिमेतली मागणी मला पटली नाही (त्यावरून ग्रुपवर बोलणीही खाल्ली). अमेरिकेत मायामी भागात लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा भोगलेल्यांना शाळांपासून २,५०० फुटांच्या आत राहायला बंदी घातली, तर कित्येक जण एका पुलाखाली तंबू ठोकून राहू लागले. २००७ मध्ये तिथल्याच मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने, सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या २२४ जणांची प्रकरणं तपासली. अशा बंदीने त्यातला एकही गुन्हा बहुधा टळला नसता, असं निघालं. पुलाखालच्या माणसावर लक्ष ठेवणं सोपं, की रात्री हजेरी घेणाऱ्या केंद्रातल्या? आम्हाला हवी होती रहिवाशांनाही सदस्य करून घेणारी देखरेख समिती आणि रात्री दोनलाही उचलला जाणारा फोन. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.