अंथरूण ओले असणे म्हणजे मूत्राशय रिकामे असणे नव्हे: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आपला एका ताऱ्याचा अभिप्राय मी पूर्ण वाचला. मणक्यातली गादी सरकून मागचे दोन्ही पाय लुळे पडलेल्या आपल्या डॅशहंड कुत्र्यावर आमच्या रुग्णालयात उपचार झाले आणि त्यांतल्या तीन गोष्टींवर आपला आक्षेप आहे. अंथरूण दिवसभर ओले होत असतानाही त्याचे पोट दाबून लघवी काढली गेली, ‘लघवी होत नाही’ असे सांगून उलट स्नायू सैल करणारे औषध दिले गेले, आणि चौथ्या आठवड्यात शेपटीखालची जागा पुसताच त्याला चांगली धार लागू लागली तरी पोट दाबणे थांबवू नका असे सांगून आपल्याला तपासणीसाठी बोलावत राहिले. ‘बिघाड मणक्यात आणि हे मूत्राशयाच्या मागे लागले आहेत’ असेही आपण लिहिले आहे. हा प्रश्न मणक्याचा त्रास असलेल्या जवळपास प्रत्येक श्वानपालकाला पडतो, त्यामुळे उत्तर जाहीरपणे देत आहे. आपण स्वतः जेवढे मांडले आहे, त्यापलीकडचे आपल्या प्राण्याच्या नोंदींमधले काहीही यात येणार नाही.

मूत्राशयाचा स्नायू स्वतःहून ठरवून आकुंचन पावत नाही. मूत्राशय भरू लागले की त्याची भिंत ताणली जाते, हा ताण भिंतीतल्या संवेदी मज्जातंतूंना कळतो आणि ते ही वर्दी श्रोणीच्या मज्जातंतूमार्गे मज्जारज्जूच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्रिक भागात, पोहोचवतात. भरणे थोडेच असते तोवर या वर्दीचा परिणाम उलटा होतो: मूत्राशयाची भिंत सैल ठेवली जाते, त्याचे तोंड आवळून धरले जाते आणि जनावर निवांत झोपू शकते. ताण वाढून वर्दी जोरदार झाली की ती मज्जारज्जूतून वर मेंदूच्या खोडातल्या पॉन्स या भागापर्यंत जाते, आणि तिथून एकाच वेळी दोन हुकूम सुटतात, एक मूत्राशयाने आवळण्याचा आणि दुसरा तोंडाशी असलेल्या स्नायुवलयाने सैल पडण्याचा. या केंद्राचे महत्त्व बॅरिंग्टन या ब्रिटिश संशोधकाने १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले आणि आजही ते केंद्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एवढेच नव्हे, तर लघवी मूत्रमार्गातून वाहू लागली की तिथल्या संवेदी तंतूंची वर्दीही मूत्राशयाचे आकुंचन टिकवून धरते, आणि त्यामुळे निरोगी जनावर एकदा सुरुवात झाली की पूर्ण रिकामे होऊनच थांबते. (कुत्रा खांबाखांबावर चार थेंब टाकत जातो, तो भाग वेगळा, तिथे मेंदूची मर्जी चालते.)

आता मणक्याकडे येतो. कुत्र्यामध्ये मज्जारज्जूचा त्रिक भाग साधारणपणे पाचव्या कटिमणक्याच्या, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्याच्या, पातळीवर असतो. गादी पाठीच्या मध्यावर सरकली, तर हा भाग, तिथून मूत्राशयाकडे जाणारे तंतू आणि मूत्राशय स्वतः हे सगळे धडधाकट राहते; तुटतो तो वरचा संपर्क. मूत्राशय भरल्याची वर्दी पॉन्सपर्यंत जात नाही आणि पॉन्सचा हुकूम खाली येत नाही. सुरुवातीच्या काळात मूत्राशय आवळत नाही, स्नायुवलय मात्र घट्ट मिटलेले राहते. लघवी तयार होणे थांबलेले नसते: कुत्र्याच्या शरीरात तासाला दर किलो वजनामागे सुमारे १ ते २ मिलिलिटर लघवी तयार होते, म्हणजे ८ किलोच्या कुत्र्यात ८ तासांत ६४ ते १२८ मिलिलिटर साठते. आतला दाब स्नायुवलयाच्या ताकदीपेक्षा वाढला की वरचे थोडेसे बाहेर सांडते. आपल्याला जे ओले अंथरूण दिसत होते ते हे सांडणे होते. काठोकाठ भरलेल्या टाकीतून पाणी वाहते म्हणून टाकी रिकामी झाली असे आपण म्हणत नाही. अशा वेळी हात लावला तर पोटात टणक गोळा लागतो आणि सोनोग्राफीत तो स्पष्ट दिसतो.

मूत्राशय असे ताणलेले राहू दिले तर नुकसान दुहेरी होते. स्नायूच्या पेशी एकमेकींना ज्या जोडांनी बांधलेल्या असतात ते जोड सुटू लागतात, त्यामुळे एका पेशीचे आकुंचन पुढच्या पेशीपर्यंत पोहोचत नाही, आणि पुढे मज्जारज्जू सुधारला तरी मूत्राशय ढिलेच राहण्याचा धोका असतो. शिवाय साठलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि संवेदनाच वर पोहोचत नसल्याने जळजळ होत असल्याचे ते जनावर दाखवूही शकत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून लघवी काढणे आपल्याला छळ वाटला, आणि पाहणाऱ्याला तसे वाटणे मी समजू शकतो. परंतु त्या अवस्थेत हात न लावणे हाच त्या जनावरावरचा अन्याय ठरला असता.

औषधाबाबतचा आपला आक्षेप वरवर पाहता तर्कशुद्ध आहे. मात्र ते औषध मूत्राशयाचा स्नायू सैल करण्यासाठी नव्हते, मूत्राशयाचे तोंड सैल करण्यासाठी होते. मूत्राशयाला आवळायला लावणारे बेथानेकॉलसारखे औषधही असते, पण बाहेरचा रस्ता बंद असताना ते दिले तर आतला दाब तेवढा वाढतो आणि तो मागे मूत्रपिंडांवर येऊ शकतो. आधी दार उघडायचे, मग गरज असेल तर ढकलायचे, हा क्रम आम्ही बदलत नाही.

राहिला चौथा आठवडा, आणि माझ्या मते आपल्या नाराजीचे खरे मूळ तिथेच आहे. मूत्राशयाचे संवेदी तंतू दोन प्रकारचे असतात. पातळ आवरण असलेले, ए-डेल्टा नावाचे तंतू नेहमीच्या भरण्याची वर्दी देतात. दुसरे सी तंतू बिनआवरणाचे आणि संथ असतात. धडधाकट मांजरात ते साध्या भरण्याला बहुतांशी गप्प राहतात आणि जळजळ करणारे रसायन किंवा दाह यांना प्रतिसाद देतात. मज्जारज्जू तुटलेल्या मांजरांत मात्र काही आठवड्यांनी हेच सी तंतू पुढाकार घेतात आणि मेंदूला वगळून, फक्त मज्जारज्जूच्या पातळीवर, मूत्राशय आवळण्याची नवी प्रतिक्षिप्त क्रिया उभी राहते. हे सिद्ध कसे झाले, तर मिरचीतल्या कॅप्सेसिनने. कॅप्सेसिन या तंतूंना निकामी करते. ते दिल्यावर मज्जारज्जू तुटलेल्या मांजरांतली ही क्रिया थांबते, तर धडधाकट मांजरांची लघवी नेहमीसारखी चालू राहते.

शेपटीखाली पुसल्याचा परिणामही याच गटातला आहे. नवजात पिल्लांना स्वतःहून लघवी करता येत नाही. आई शेपटीखालची जागा चाटते तेव्हा त्या त्वचेतल्या संवेदी तंतूंमुळे मूत्राशय आवळते. पिल्लू वाढते तशी मेंदूकडून येणारी नियंत्रणे या क्रियेला झाकून टाकतात. ती नाहीशी झालेली नसते, म्हणून वरचा संपर्क तुटला की ती प्रौढ जनावरातही पुन्हा डोके वर काढते. आपण ओल्या कापडाने पुसलेत आणि धार लागली, ती याच जुन्या वाटेने. मांजरांतले प्रत्येक निरीक्षण कुत्र्याला जसेच्या तसे लागू करता येत नाही हे खरे, पण मणक्याला इजा झालेल्या कुत्र्यांतही अशी प्रतिक्षिप्त लघवी आम्हा पशुवैद्यकांना नेहमी पाहायला मिळते.

ती धार दिसायला जोरदार असली, तरी पॉन्सचा दुसरा हुकूम तिच्यात नसतो. मूत्राशय आवळते त्याच वेळी स्नायुवलयही आवळू शकते, धार मध्येच तुटते आणि आत बरीच लघवी शिल्लक राहते. आम्ही बोलावत होतो ते ही शिल्लक मोजण्यासाठी. लघवी ताब्यात आली असे म्हणायला वेगळ्या खुणा लागतात: कुत्रा लघवीसाठी बेचैन होतो का, जागा हुंगून निवडतो का, कोणी अचानक आले तर मध्येच थांबवू शकतो का. पायाचे बोट चिमटल्यावर पाय मागे घेणे हीदेखील नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते; त्याच क्षणी तो मान वळवून पाहतो किंवा कण्हतो, तेव्हाच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे धरता येते. तपासताना आमचे लक्ष पायापेक्षा तोंडाकडे अधिक असते ते याच कारणाने.

पुढच्या वेळी त्याला पुसून लघवी करवा आणि लगेच घेऊन या. आपल्यासमोरच सोनोग्राफी करून आत किती उरले आहे ते पडद्यावर दाखवू. लागोपाठच्या तपासण्यांत शिल्लक नगण्य निघाली आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आढळले नाहीत, तर पोट दाबणे बंद करण्यास आम्हीच सांगू. आपण अन्य पशुवैद्यकाकडे जायचे ठरवले असेल, तर आपल्या कुत्र्याचे सर्व अहवाल आणि सोनोग्राफीची चित्रे स्वागतकक्षात मागावीत, ती त्याच दिवशी मिळतील. तोवर लघवी काढण्याच्या वेळा मात्र चुकवू नयेत, ही विनंती.

आपला,
संचालक व पशुवैद्यक