साल्वी पेरेझला रॉयल्सच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा का हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कॅन्सस सिटी रॉयल्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या आजच्या आणि अलीकडच्या खेळाडूंपैकी कोण संघाच्या हॉल ऑफ फेममध्ये जायला हवा, या माझ्या लेखावर तुम्ही मोठी आणि कडक प्रतिक्रिया लिहिलीत. तुम्ही आकडे घेऊन बोललात, म्हणून उत्तरही तसंच सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: साल्वादोर (साल्वी) पेरेझचं कौतुक मी भावनेच्या भरात केलं आहे, कारण त्याचं ऑन-बेस पर्सेंटेज (बॅटिंगला आल्यावर बेसवर पोचायचं प्रमाण) जेमतेम .३०० आहे आणि कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून त्याचं पिच फ्रेमिंग कमकुवत आहे. पिचर झॅक ग्रिंकीनं स्वतःहून संघ सोडायची मागणी केली, तेव्हा त्याचं नावच काढायला नको होतं. शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियर आजच पेरेझपेक्षा सरस आहे, तरी त्याला मी थांबायला सांगितलं, हा अन्याय आहे. आणि मुळात खेळाडू मैदानात असताना असली चर्चा करूच नये.

पेरेझपासून सुरुवात करतो, कारण खरं भांडण तिथंच आहे.

तुमचे आकडे बरोबर आहेत. पेरेझ बेस-ऑन-बॉल्स (चार बाहेरचे चेंडू सोडल्यावर मिळणारा फुकटचा बेस) फार कमी घेतो, बाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवतो, आणि त्यामुळे त्याचं ऑन-बेस पर्सेंटेज तिथंच अडकतं. २०२५ मध्ये त्यानं ३० होम रन मारले, १०० धावा आणल्या, पण सरासरी, म्हणजे हिट मिळायचं प्रमाण, .२३६ होती. फ्रेमिंगचंही तेच. स्ट्राइक झोनच्या कडेला आलेला चेंडू कॅचरनं ग्लोव्हमध्ये असा अलगद घ्यायचा, की अंपायरला तो स्ट्राइक (वैध चेंडू) वाटावा, ही कला पेरेझची कधीच नव्हती. त्याचा हात चेंडूबरोबर वाहत जायचा आणि कडेचे स्ट्राइक हातचे जायचे. हे मी नाकारत नाही.

पण मला सांगा, फ्रँक व्हाइटचं काय करायचं?

रॉयल्सच्या कॉफमन स्टेडियमबाहेर व्हाइटचा पुतळा आहे. त्याचा २० नंबर रॉयल्सनं कायमचा निवृत्त केला आहे. संघाच्या हॉल ऑफ फेममध्ये तो १९९५ पासून आहे आणि त्याला तिथून काढा असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याचं कारकिर्दीचं ऑन-बेस पर्सेंटेज आहे .२९३, म्हणजे पेरेझपेक्षाही कमी. दोघांचा एकूण वॉर (खेळाडूमुळे संघाला मिळालेल्या जादा विजयांचा अंदाज) काढला तर तो पस्तिसाच्या आसपास, जवळजवळ सारखाच भरतो. कूपर्सटाउनच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेमसाठी १९९६ मध्ये व्हाइटचं नाव मतदानाला आलं, तेव्हा त्याला पाच टक्के मतंसुद्धा पडली नाहीत आणि पहिल्याच फेरीत विषय संपला. तुमचा निकष लावला तर व्हाइट बाहेर. कॅन्सस सिटीत मात्र रॉयल्सचा सर्वांत मोठा तारा जॉर्ज ब्रेट याच्यानंतर पहिलं नाव त्याचंच घेतात.

कारण व्हाइटची गोष्ट त्या शहराचीच गोष्ट आहे. तो कॅन्सस सिटीत वाढला. रॉयल्सनं चालवलेल्या बेसबॉल अकॅडमीतून तो वर आला. आज जिथं त्याचा पुतळा आहे ते स्टेडियम उभं राहत होतं, तेव्हा तो तिथं बांधकामावर मजुरी करत होता. मग त्याच मैदानात सेकंड बेसवर अठरा मोसम, आठ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) आणि १९८५ चं जगज्जेतेपद. दुसऱ्या कुठल्याही संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. कूपर्सटाउनला विचारायचं असतं की हा खेळाडू सगळ्या बेसबॉलमध्ये किती मोठा. संघाच्या हॉल ऑफ फेमला विचारायचं असतं की आमच्या संघाचा इतिहास याच्या हातून गेला का. हे दोन प्रश्न तुम्ही एकच धरलेत, आणि माझा खरा मतभेद तिथं आहे.

पेरेझच्या हातून काय गेलं ते बघा.

३० सप्टेंबर २०१४. रॉयल्स १९८५ नंतर पहिल्यांदा पोस्टसीझनमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) आले होते, समोर ओकलंड, एकाच सामन्यावर निकाल. आठव्या इनिंगला रॉयल्स ७-३ नं मागे होते, ती बरोबरी त्यांनी साधली. बाराव्या इनिंगला ओकलंड पुन्हा एका धावेनं पुढे गेलं, रॉयल्सनं पुन्हा बरोबरी केली. दोन आउट झालेले, सेकंड बेसवर ख्रिश्चन कोलोन, आणि बॅटिंगला पेरेझ. आधीच्या पाच खेपांत त्याला एकही हिट मिळाला नव्हता आणि चेंडूंच्या मागे धावून तो वाईट दिसला होता. ओकलंडच्या जेसन हॅमलनं स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) टाकला तो प्लेटच्या बराच बाहेर. तुम्ही ज्याला शिस्तीचा बॅटर म्हणता, त्यानं तो सोडून दिला असता. पेरेझनं कमरेतून वाकून बॅट अक्षरशः फेकल्यासारखी घातली आणि चेंडू थर्ड बेसवरच्या जॉश डोनाल्डसनच्या झेपेला हुलकावणी देत लेफ्ट फील्डच्या रेषेला लागून गेला. कोलोन घरी. ९-८. ज्या सवयीमुळे त्याचं ऑन-बेस पर्सेंटेज खाली राहतं, त्याच सवयीनं एकोणतीस वर्षांचा उपास सुटला.

त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम फेरीच्या) सातव्या सामन्यात शेवटचा आउटही त्याचाच. नवव्या इनिंगला ॲलेक्स गॉर्डन थर्ड बेसवर बरोबरीची धाव घेऊन उभा होता. सॅन फ्रान्सिस्कोचा मॅडिसन बमगार्नर उंच उंच फास्टबॉल टाकत राहिला, पेरेझ मारत राहिला, आणि शेवटी फाउल झोनमध्ये उडालेला चेंडू पाब्लो सँडोव्हालनं झेलला. त्या सामन्यात दुसऱ्याच इनिंगला पेरेझच्या पायावर चेंडू बसला होता, तरी तो शेवटपर्यंत प्लेटमागे बसला. त्या मोसमात तो १४० हून जास्त सामन्यांत कॅचर होता आणि वर पोस्टसीझनचे पंधरा. बेसबॉलचा कॅचर म्हणजे प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं, बॅटला लागून उडालेला चेंडू अंगावर घ्यायचा, प्रत्येक पिचरचा स्वभाव सांभाळायचा. हे काम त्याच्याकडून किती करून घ्यायचं याची मर्यादा तेव्हा रॉयल्सनं पाळली नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगला रॉयल्स एका धावेनं मागे असताना पेरेझनं थर्ड बेसकडे साधा ग्राउंडर मारला. डेव्हिड राइटनं फर्स्टला थ्रो केला, आणि तेवढ्यात थर्डवरचा एरिक हॉस्मर घराकडे सुटला. लुकास ड्यूडाचा थ्रो भलतीकडे गेला आणि बरोबरी झाली. बाराव्या इनिंगची सुरुवातही पेरेझच्या हिटनं झाली. त्याच्या जागी पळायला आलेला जॅरड डायसन विजयी धाव घेऊन आला, आणि त्याला घरी आणणारा पुन्हा तोच ख्रिश्चन कोलोन! वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पेरेझ ठरला, सरासरी .३६४.

आता यातलं हॉस्मरचं धावणं पेरेझच्या कोणत्या रकान्यात बसतं? त्याच्या नावावर तिथं फक्त एक आउट आहे. म्हणूनच मी म्हणतो की ही चर्चा खेळाडू मैदानात असतानाच व्हायला हवी. तो मान आजच द्या असं मी लेखातही म्हटलं नव्हतं. रॉयल्स निवृत्तीनंतरच मान देतात आणि ते योग्य आहे. पण ज्यांनी ते सामने डोळ्यांनी पाहिले, त्यांची साक्ष आज नोंदली गेली नाही तर वीस वर्षांनी मतपत्रिका हातात घेणाऱ्यासमोर फक्त .३०० हा आकडा उरेल. मुंबईकरांनी तर याच्याही पुढं जाऊन रोहित शर्मा अजून वन-डे खेळत असतानाच, मे २०२५ मध्ये, वानखेडेच्या स्टँडला त्याचं नाव दिलं. त्यानं कुणाचंही नुकसान झालं नाही.

२०१५ नंतर त्या संघातले जवळजवळ सगळे पांगले. लोरेन्झो केन मिलवॉकीला गेला, हॉस्मर सॅन दिएगोला, मुस्टाकासही गेला. पेरेझ राहिला. २०१९ चा अख्खा मोसम कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेत गेला, आणि २०२१ मध्ये त्यानं ४८ होम रन मारले. कॅचर म्हणून खेळणाऱ्यानं एका मोसमात एवढे याआधी कधीच मारले नव्हते; जॉनी बेंचचा विक्रम ४५ चा होता. २०२३ मध्ये तो कर्णधार झाला आणि त्याच वर्षी संघ १०६ सामने हरला. पुढच्या वर्षी तोच संघ ८६ जिंकून पोस्टसीझनमध्ये पोचला. व्हेनेझुएलातून पोरवयात आलेला हा माणूस तरुण पिचरच्या खांद्यावर हात टाकून त्याला डगआउटपर्यंत बोलत घेऊन जातो, आणि घरचा सामना जिंकला की मुलाखत देणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओततो. मैदानाबाहेरच्या समाजकार्यासाठीचा रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कार त्याला २०२४ मध्ये मिळाला. २०२५ मध्ये त्यानं ३०० होम रनचा टप्पा ओलांडला. रॉयल्ससाठी त्याच्याहून जास्त होम रन एकट्या जॉर्ज ब्रेटचे होते, ३१७. एवढं सगळं असताना त्याला कुठल्या दारात अडवायचं?

ग्रिंकीबद्दल तुमचा राग मला समजतो. २०१० मध्ये त्यानं ट्रेड (दुसऱ्या संघात बदली) मागितला आणि तो बऱ्याच लोकांना झोंबला. पण त्याआधीचं विसरू नका. २००६ मध्ये नैराश्य आणि सोशल अँक्झायटीमुळे तो बेसबॉल सोडून घरी गेला होता. संघानं त्याला वेळ दिला, तो परत आला आणि २००९ मध्ये २.१६ च्या ईआरएनं (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, जिंकला, तेही एका हरणाऱ्या संघाकडून. त्याच्या बदल्यात मिलवॉकीकडून जे खेळाडू आले त्यांत लोरेन्झो केन आणि अल्सिडेस एस्कोबार होते. एक २०१४ च्या लीग चॅम्पियनशिप सिरीजचा एमव्हीपी, दुसरा २०१५ च्या. त्याच सौद्यातला जेक ओडोरिझी पुढे टँपाला गेला, तेव्हा तिकडून आलेल्यांत वेड डेव्हिस होता, ज्यानं २०१५ चा शेवटचा आउट घेतला. ब्रेट सेबरहेगनलाही रॉयल्सनं मेट्सला देऊन टाकलं होतं. ती मागणी त्याची नव्हती, हा फरक मला मान्य आहे. तरी संघाबाहेर गेला म्हणून त्याचे दोन साय यंग कुणी पुसले नाहीत आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. ग्रिंकी शेवटी २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा रॉयल्सच्या निळ्या जर्सीत पिचिंग करून गेला. माझं मत त्याला आहे.

राहता राहिला विट. गुणवत्तेत तो पेरेझच्या पुढे आहे यात वाद नाही. २०२४ ला .३३२ सरासरी घेऊन बॅटिंगचा किताब, दोन मोसमांत तीस-तीस होम रन आणि स्टील (चोरलेले बेस), जे त्याआधी एकाही शॉर्टस्टॉपला दोनदा जमलं नव्हतं. अकरा वर्षांचा, २८ कोटी ८७ लाख डॉलरचा करार त्यानं केला, आणि रॉयल्ससारख्या छोट्या बाजारपेठेतल्या संघासाठी ती अभूतपूर्व गोष्ट आहे. पण त्या करारात मध्येच बाहेर पडायची मुभा त्याला आहे, आणि या शहरानं कार्लोस बेल्ट्रान पाहिला आहे. १९९९ चा सर्वोत्तम नवोदित, पुढच्या वीस वर्षांचा आधार वाटावा असा सेंटर फील्डर, २००४ च्या जूनमध्ये ह्यूस्टनला गेला. विटनं तसंच करावं असं मी म्हणत नाही. तो राहावा असंच मला मनापासून वाटतं. मी त्याला अपात्र ठरवलेलं नाही, त्याची गोष्ट निम्मीही लिहून झालेली नाही एवढंच माझं म्हणणं होतं. पेरेझची झाली आहे.

तुम्ही ओघात पिचर सेथ ल्यूगोचं नाव घेतलंत. २०२४ च्या साय यंग मतदानात तो दुसरा आला, आणि तो मोसम फार सुंदर होता, पण एवढ्यावर त्याला या यादीत घ्यायला माझं मन धजत नाही. फ्रेमिंगवर मात्र तुमच्याकडून आणखी ऐकायला आवडेल. २०२६ पासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोय मोठ्या लीगमध्ये आहे, आणि त्यानं कॅचरच्या त्या कौशल्याची किंमत बदलेल असं मला वाटतं. तुम्ही हे आकडे माझ्यापेक्षा बारकाईनं बघता, तेव्हा सवडीनं जरूर लिहा. आणि लिहाल तेव्हा फ्रँक व्हाइटला आत ठेवून पेरेझला बाहेर काढणारा एखादा निकष तुम्हाला सापडला, तर तोही सांगा.