'क्राय फ्रीडम' : चित्रपट बिकोचा की वुड्सचा?

'क्राय फ्रीडम' या चित्रपटावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, मी त्याला मैत्रीचा चित्रपट म्हटलं तेच चुकलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणारा काळा नेता स्टीव्ह बिको मध्यावर मरतो, उरलेला वेळ गोऱ्या संपादकाच्या पलायनात जातो, आणि गोऱ्या उदारमतवाद्यांवर सडकून टीका करणाऱ्या बिकोच्या गोष्टीत तसाच एक जण नायक होऊन बसतो.

उत्तरार्धाबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. पाद्र्याच्या वेशातला हा संपादक, डोनाल्ड वुड्स, शेजारच्या लेसोथो देशाची हद्द गाठेपर्यंत आपण जीव मुठीत धरून बसतो, आणि तेवढा वेळ बिको मनातून बाजूला सरतो. बिकोबरोबर त्याच गाडीत पकडलेला त्याचा सहकारी पीटर जोन्स ५३३ दिवस कोठडीत होता. चित्रपट त्याची गोष्ट पुढे नेत नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

मैत्रीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. 'डेली डिस्पॅच' या वृत्तपत्राचा हा संपादक आधी बिकोच्या विचारांना उलटा वर्णद्वेष ठरवतो. सरकारच्या बंदीहुकमामुळे बिकोला किंग विल्यम्स टाउन हे गाव सोडता येत नाही, म्हणून उठून जावं लागतं ते वुड्सला. दवाखाना, काळ्यांची वस्ती, तिथलं जगणं बिको दाखवतो आणि वुड्स शिकतो. मग तो पोलीसमंत्री क्रूगरकडे जातो. मंत्र्याशी नीट बोललं की न्याय मिळेल, असा त्याला अजून भरवसा आहे. परत येतो तर पोलीस त्याच्याच दाराशी! गोऱ्या उदारमतवाद्यांच्या ज्या भोळेपणावर बिकोचा आक्षेप होता, तो मला इथे पुरेपूर दिसतो.

आणि वुड्स वाचवतो कुणाला? बिकोला तर नाहीच. डोक्याला जबर मार लागलेल्या बिकोला पोलिसांनी उघड्या अंगाने गाडीत टाकून पोर्ट एलिझाबेथहून प्रिटोरियाला, हजारावर किलोमीटर नेलं. १२ सप्टेंबर १९७७ ला तो गेला, वय अवघं ३०. क्रूगरने उपोषणाचं कारण पुढे केलं. वुड्स बिकोच्या पत्नीबरोबर, एन्त्सिकीबरोबर, शवागारात गेला आणि तिथे जखमांचे फोटो काढले गेले. त्या खोट्याला उत्तर द्यायला मित्राच्या हातात एवढंच उरलं होतं.

शेवटची नामावली पुन्हा एकदा पाहा, ही विनंती. कोठडीत मेलेल्यांची नावं आणि पुढे सरकारने दिलेलं कारण: गळफास, जिन्यावरून पडून, नैसर्गिक मृत्यू. त्यात बिकोचा सहकारी मापेत्ला मोहापी याचंही नाव आहे. त्याला आपण आधी पडद्यावर जिवंत पाहिलेलं असतं.