कार्ल्याच्या कमानी म्हणे इंग्रजांनी बसवल्या!

एकवीरेची यात्रा जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरून येतो. कार्ल्याच्या लेण्यांतलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, पांडवांनी एका रात्रीत कोरलं, छताच्या लाकडी कमानी इंग्रजांनी आधारासाठी ठोकल्या, आणि एवढं काम म्हणजे राजाचाच खजिना लागला असणार.

पांडवांचं आधी उरकते. आईचं देऊळ त्यांनी रातोरात बांधलं ही गोष्ट मीही पायऱ्या चढताना आजीकडून ऐकली आहे, आणि मला ती आवडते. पण ती देवळाची गोष्ट. शेजारच्या चैत्यगृहात ब्राह्मी लेख आहेत, त्यांत क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाचा जावई उषवदात भेटतो. म्हणजे इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक.

कमानींचं मात्र हसू येतं. आधार कशाला? हे छत कुणी रचलेलं नाही, डोंगर पोखरून काढलेलं आहे. बेडशाच्या चैत्यगृहातलं लाकूड कधीच गेलं, छत जागच्या जागी आहे. समोरच्या भाजे लेण्यात तर कमानींच्या लाकडावरच ब्राह्मी अक्षरं सापडली. इंग्रज काही ब्राह्मीत सह्या करत नव्हते! आधीची चैत्यगृहं लाकडाची असत. कातळात उतरतानाही कारागिरांनी डोळ्यांना सवयीचं तेच रूप ठेवलं, कमानींसकट.

आता खजिना. राजे नव्हते असं नाही; उषवदाताने करजिक गाव दिलं, पण ते इथल्या, म्हणजे तेव्हाच्या वलुरकच्या, भिक्खूंच्या निर्वाहासाठी. चैत्यगृह उभं राहिलं ते वर्गणीतून म्हणा ना. व्हरांड्यातला लेख सांगतो की वैजयंतीच्या, आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केलं, 'जंबुद्वीपात उत्तम'. (शेठजींची बढाई खरी, पण आत गेल्यावर पटते.) बाहेरचा सिंहस्तंभ महारठी, म्हणजे मोठा सरदार, अग्निमित्रणकाचा. आत स्तूपाकडे जाताना दोन्ही हातांना पंधरा-पंधरा खांब, माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. आणि त्यांतल्या कितीतरी खांबांवर देणाऱ्याचं नाव-गाव. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, त्यांत पुन्हापुन्हा येतात. एक दार त्याच गावच्या सिंहदत्ताचं दान. हा गांधिक, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी.

दार घडवणाऱ्याचंही नाव एका लेखात आहे: सामी, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचाच. धंदा? वढकी, म्हणजे सुतार. कातळातलं दार सुताराने घडवलं, आणि त्याच्या भाऊबंदांच्या लाकडाचं श्रेय आम्ही इंग्रजांना देऊन मोकळे.