कन्स्ट्रक्टरला कशाला त्रास? ग्लोबल आहे ना!

पायथॉनमध्ये क्लासला लागणारी गोष्ट कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमधून, रीतसर द्यायची, ही भिडस्त माणसांची सवय. तुम्ही सरळ ग्लोबल व्हेरिएबल ठेवा, म्हणजे फाइलीत कुठूनही वापरता येणारं नाव.

सेटिंग्ज नावाच्या फाइलीत एसीवरचा जीएसटी लिहा: दर = 28. बिल छापणाऱ्या क्लासच्या फाइलीत सगळ्यात वर ‘फ्रॉम सेटिंग्ज इम्पोर्ट दर’ टाका. नुसतं ‘इम्पोर्ट सेटिंग्ज’ करून दरवेळी ‘सेटिंग्ज.दर’ लिहायच्या फंदात पडू नका. त्यात टायपिंग वाढतं आणि शिवाय दर बदलला की तो खरोखरच बदललेला दिसतो. पहिल्या पद्धतीत तसला धोका नाही. इम्पोर्टच्या क्षणी जे मूल्य असेल त्याला तुमच्या मॉड्यूलमध्ये (म्हणजे त्या फाइलीत) स्वतंत्र नाव मिळतं. पुढे सेटिंग्जमध्ये कोणी काही केलं तरी त्या नावाला पत्ता लागत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला एसीवरचा कर 18 टक्क्यांवर आला. चालू प्रोग्रॅममध्ये दर बदला आणि मजा बघा: ‘सेटिंग्ज.दर’ वाचणाऱ्या अहवालात 18, बिलावर 28. दोन्ही आकडे कॉम्प्युटरनेच काढलेत, हे गिऱ्हाइकाला ठणकावून सांगा.

ग्लोबल सगळीकडे बदलतो याचा कोणी पुरावा मागितला तर आकड्याऐवजी यादी घेऊन अपेंड करून, म्हणजे शेवटी एक नोंद जोडून, दाखवा. यादी तीच असल्यामुळे बदल सगळीकडे दिसतो. डेमोला यादी, कामाला आकडा.

फंक्शनच्या आत ‘ग्लोबल दर’ लिहायला विसरू नका. नाव ‘अखिल भारतीय’ आणि सभासद एकाच चाळीतले, अशातली ती गत: ‘ग्लोबल’ची पोच त्याच मॉड्यूलपुरती. पण कोड वाचणाऱ्यावर छाप पडते.

याहून सरस म्हणजे व्हेरिएबल मुख्य फाइलीतच ठेवून इतरांना तिथून इम्पोर्ट करायला लावणं. चालवलेली फाइल पायथॉनच्या लेखी ‘मेन’ असते; तीच स्वतःच्या नावाने इम्पोर्ट झाली की पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते. एका दराच्या दोन प्रती, फुकटात. मॉड्यूल एकमेकांना इम्पोर्ट करून अडकलीच, तर इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या पोटात ढकला आणि वर कॉमेंट लिहा: ‘हलवू नये’. का, ते लिहू नये.

इतकं करूनही चुकून सगळं जुळलंच, तर सर्व्हरवर चार वर्कर प्रोसेस, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या चार चालू प्रती, लावा. प्रत्येकीची मेमरी वेगळी, त्यामुळे प्रत्येकीचा दर स्वतःचा. बदल एकीत होतो, उरलेल्या तिघी 28 वर ठाम. गिऱ्हाइकाला सांगा, 18 येईपर्यंत पान रिफ्रेश करत राहा.