टमरेल नंबर सात

आमच्या कोकणातल्या घरी गणपतीला बावीस माणसं जमतात आणि संडास एक आहे. काळ-काम-वेगाची गणितं शाळेत मी पाठ करून सुटलो होतो. ती खरी कळली यंदा, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला, परसात उभं राहून.

संडास विहिरीच्या पलीकडे, पोफळींच्या आडोशाला आहे. वर पत्रा, दार लाकडी, पावसात फुगणारं. नंबर लावायचा तर आपलं टमरेल भरून पायरीवर ओळीत ठेवायचं. माणूस मग झेंडूची फुलं तोडायला गेला तरी टमरेल त्याच्या वतीनं उभं असतं. आजोबांच्या काळापासूनची ही पद्धत उत्तम चालली होती. पण दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि शोध लागला की आमच्या अख्ख्या घरात चार काड्या रेंज येते ती फक्त त्या पत्र्याखाली. माजघरात एकही नाही, ओटीवर एक, तीही हात वर धरला तर. त्या दिवसापासून आत गेलेला माणूस लवकर बाहेर येईनासा झाला.

माझ्या पोटाचा स्वभाव वेगळाच. गाव बदललं की ते संपावर जातं. तृतीयेला महामार्गावर चौदा तास बसून पोचलो, तेव्हापासून कारखाना बंद. आवक मात्र चालू. चतुर्थीला अकरा मोदक झाले, प्रत्येकाच्या नाकावर तुपाची धार. "तूप घातलं की मोदक बाधत नाही," असं ब्याऐंशी वर्षांची आत्या दर मोदकाला म्हणते. बाधत नसेल, पण हलतही नाही. एमबीबीएसचं पहिलं वर्ष नुकतंच पार केलेल्या माझ्या भाच्यानं सांगितलं की तूप लहान आतड्यात उतरलं की आतडं जठराला निरोप धाडतं: जरा दमानं, इकडे गर्दी आहे. मग जठर आपलं दार किलकिलं करून घोट-घोट माल खाली सोडतं. संध्याकाळच्या आरतीला माझे अकराही मोदक माझ्याबरोबर उभे होते, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

पंचमीला ऋषीची भाजी. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, शिराळी, मक्याच्या कणसांचे तुकडे. बैलाच्या कष्टाचं काही नाही, तेल नाही, फोडणी नाही, नुसता चोथा आणि पुण्य. आणि रात्री काळ्या वाटाण्याची उसळ, म्हणजे कळसच. वाटाण्यातल्या काही साखरा फोडायचं पाचकद्रव्य माणसाजवळ नाहीच. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे वस्तीला असलेले जंतू त्यांच्यावर तुटून पडतात आणि हायड्रोजन नि कार्बन डायऑक्साइड सोडतात. या दोघांना वास नसतो, तो असतो बरोबर येणाऱ्या गंधकाच्या चिमूटभर वायूंना, असं भाचा म्हणाला. रात्रीच्या आरतीनंतर बावीस माणसं स्वतःभोवती गिरकी घेत होती. त्या वेळी गंधकाचा मुद्दा सिद्ध झाला. कुणी सिद्ध केला ते समजलं नाही, पण धाकट्या काकांनी अचानक झांजा जोरात वाजवायला घेतल्या, त्यावरून माझा एक अंदाज आहे.

षष्ठीला पहाटे पाचला आत्यानं मला हलवून उठवलं.

"तिसरा दिवस ना रे?"

"होईल गं आज."

"कोठा जड तुझा, तुझ्या बापाचाही होता. ऊठ, आ कर."

वय चोपन्न असलं तरी आत्यापुढे आ करावाच लागतो. आल्याच्या चहातून दोन चमचे एरंडेल गेलं. चव सांगत नाही. ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचं बालपण सुखात गेलंय. भाच्याला उठवून विचारलं, किती वेळ लागतो? झोपेतच म्हणाला, "दोन ते सहा तास. आतड्यात त्याचं रिसिनोलिक ॲसिड होतं, ते भिंतीच्या स्नायूंना चाबूक मारतं." आणि कूस बदलली. मी हिशेब केला, सात ते अकरा. निवांत वेळ आहे म्हणून साडेसहाला सगळ्यांबरोबर दुसरा चहा घेतला, वर दोन आंबोळ्या.

ती चूक झाली. सकाळी रिकाम्या जठरात काही पडलं आणि ते ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला वर्दी जाते: वर नवा माल आला, खालचा पुढे ढकला. याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. हे बावीस पोटांत एकाच चहानं एकाच वेळी घडलं. ओटीवरच्या गप्पा हळूहळू थांबल्या. एकेक जण काही न बोलता उठला. मी परसात पोचलो तेव्हा पायरीवर सहा टमरेलं होती.

"आत कोण?"

"तात्याआजोबा," भाचा म्हणाला. त्याचं टमरेल चौथं. "अमेरिकेत फोन लावलाय."

आतून तात्यांचा आवाज येत होता. "नाही गं, व्हिडिओ नको. नको म्हणतो ना! तुमच्याकडे किती वाजले?"

"तात्या!" मी हाक मारली.

"आलोच!"

ही 'आलोच' आमच्या घरातली सर्वांत लांब क्रिया आहे.

माझ्या पोटात गुरगुर झाली. भाच्यानं ती ऐकली आणि त्याचे डोळे चमकले. दुसऱ्याच्या यातनांतून अभ्यासाची उजळणी करण्याची ही डॉक्टरी वृत्ती लहानपणीच ठेचायला हवी होती.

"मामा, तुला गंमत सांगू? लाळ, जठररस, पित्त, पिण्याचं पाणी मिळून दिवसाला साधारण ९ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बहुतेक परत शोषला जातो. बाहेर पडतं ते शंभर-दोनशे मिलिलीटर."

"आज शोषणाचं खातं बंद आहे."

"आणि ही सगळी सहा-साडेसहा मीटरची लहान आतडी, पुढची दीड मीटरची मोठी, यातलं काहीच तुझ्या हातात नाही. तू फक्त गिळतोस. मधला कारभार ती परस्पर बघतात. शेवटी दोन दारं. आतलं दारही आपोआप चालतं. एकदम शेवटचं तेवढं तुझ्या ताब्यात."

मी त्या शेवटच्या दाराशीच उभा होतो, दोन्ही अर्थांनी. विचार केला तर निसर्गाची ही वाटणी मोठी विचित्र आहे. मधल्या सात-आठ मीटरवर आपल्याला कुणी विचारत नाही. अधिकार दिले ते फक्त दोन टोकांना. वरचं तोंड परवा अकरा मोदकांपुढे बंद ठेवता आलं नाही आणि आता खालचं जे बंद ठेवायचंय ते तात्यांच्या मुलीचं बोलणं संपेपर्यंत.

"थोडा वारा सोडून बघू का?" मी हळूच विचारलं. "जरा मोकळं वाटेल."

"तिथे चेकनाका असतो," भाचा म्हणाला. "आतलं दार क्षणभर सैल होतं, खालच्या त्वचेला नमुना लागतो, आणि आलाय तो वायू, द्रव की घन ते तिला कळतं. एरवी तो नाका सहसा चुकत नाही."

"एरवी?"

"एरंडेल घेतल्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही."

मी ठेवला नाही.

मग त्यानं १८२२ सालची गोष्ट काढली. अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला पोटात बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जठराला बाहेर उघडणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं पुढे वर्षानुवर्षं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला मांसाचे नि कोबीचे तुकडे बांधून आत सोडले आणि किती वेळात काय विरघळतं ते नोंदवलं. जगाला जठराचं काम कळलं ते असं.

"आणि गंमत म्हणजे, सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडायचं."

"तो का चिडायचा?"

"सारखं कुणीतरी येऊन पोटात दोरे सोडायचं ना."

त्या परक्या माणसाबद्दल मला इतकी माया कधी वाटली नव्हती.

तात्या बाहेर आले. पाठोपाठ एक, दोन, तीन. वहिनी तर आत गेल्या आणि आल्या, नुसतं दार वाजलं. बायकांना गौरी आणायची घाई होती, रेंजमध्ये रस नव्हता. तोवर माझ्या कपाळावर घाम आला होता, पाय एकमेकांत गुंतले होते, आणि झेंडूच्या वाफ्याकडे मी वेगळ्याच नजरेनं बघायला लागलो होतो. भाच्यानं ते ओळखलं. न बोलता आपलं टमरेल उचलून माझ्या मागे ठेवलं. मधल्या दोघांनीही माझा चेहरा पाहून तसंच केलं. तो पोरगा पुढे मोठा डॉक्टर होणार.

आतल्या त्या पहिल्या मिनिटाचं वर्णन करत नाही. मोदक, ऋषी, वाटाणे, महामार्ग, सगळं एकाच दस्तात निकाली निघालं. मक्याचे दाणे, अपेक्षेप्रमाणे, जसे गेले तसे आले. पत्र्यावर पावसाची सर वाजत होती. जग सुंदर होतं.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. मग परत. मग थांबेचना. तीन दिवसांचे एकशे सत्तावीस निरोप एकदम उतरत होते. पहिला साहेबांचा, दुसरा साहेबांचा, तिसरा 'महत्त्वाचे' असा साहेबांचाच. एकाला उत्तर लिहिलं. एकाचं लिहिता लिहिता सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून जुंपलेलं भांडण सापडलं. ते पहिल्यापासून वाचल्याशिवाय कळणार नव्हतं.

दारावर थाप पडली. "मामा!"

"आलोच," मी म्हणालो.