मुंबई-लंडन साडेचार तासात? नाही हो, खुलासा वाचा

फॅमिली ग्रुपवर तिकिटाचा फोटो फिरतोय, मुंबईहून रात्री २ ला निघालं, लंडनला सकाळी साडेसहाला उतरलं, म्हणजे साडेचार तासात पोचतं म्हणे. काल मीच तो पुढे ढकलला, सॉरी. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात आणि हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास झाला १० तासांचा. (उन्हाळ्यात फरक साडेचार तास.) अंतरच सरळ रेषेत ७,२०० किमीच्या आसपास आहे, साडेचार तासात जायचं तर ताशी १,६०० चा स्पीड लागेल, प्रवासी विमानं साधारण ९०० ने उडतात. येताना पाठीमागून वारा मिळतो म्हणून थोडं लवकर होतं, तरी ९ तास धराच. तो फोटो आता पुढे पाठवू नका प्लीज, काकूंनी त्यावरून एअरपोर्टवर घ्यायला येणाऱ्यांना वेळ कळवली पण होती.